चौतीस इंच

आमच्या जुन्या फ्लॅटमधला स्वयंपाकाचा ओटा ३४ इंच उंच होता. हे माप मी ठरवलं होतं. २००३ साली, स्वतःचं ऑफिस काढून चार वर्षं झाली होती तेव्हा, मी आईबाबांचं सगळं स्वयंपाकघर उचकटून नव्यानं केलं. काळा ग्रॅनाइट, खाली ट्रॉल्या, सिंकच्या वर खिडकी. नातेवाईक बघायला यायचे. मामी म्हणाली होती, "घरात आर्किटेक्ट असल्याचा फायदा!"

आईची उंची चार फूट नऊ इंच.

हे मला माहीत होतं असं म्हणता येणार नाही. आई बुटकी आहे हे माहीत होतं, त्यावरून तिला चिडवण्यात आमचं लहानपण गेलं. पण चार फूट नऊ हा आकडा मी पहिल्यांदा बघितला तो २०१४ मध्ये, हॉस्पिटलच्या फॉर्मवर. ती ओट्यापाशी पडली होती आणि उजवं मनगट मोडलं होतं. कशी पडलीस, असं विचारलं तर म्हणाली, "काही नाही रे, पाट सरकला."

कुठला पाट?

तिच्या रुखवतातला सागवानी पाट. साधारण तीन इंच उंचीचा, कोपऱ्यांवर पितळी फुलं ठोकलेला. ती अकरा वर्षं त्यावर उभी राहून पोळ्या लाटत होती, फोडण्या देत होती. बायकोला हे माहीत होतं. कामाला येणाऱ्या मावशींना माहीत होतं. लादी पुसताना त्या तो उचलून भिंतीला टेकवायच्या. बहिणीनं तर तो सरकू नये म्हणून खाली घालायला योगा मॅटचा तुकडाही कापून दिला होता. फ्रीजमधून पाण्याची बाटली काढताना मी स्वतः तो शेकडो वेळा ओलांडला असणार. घरात आर्किटेक्ट मी एकटाच, आणि मलाच तो दिसला नव्हता.

"अगं, पण मला सांगायचं ना."

"इतका छान केला होतास," ती म्हणाली. "आणि सांगून काय, ग्रॅनाइट का कापणार होतास?"

हे ३४ मी आणले कुठून, तर पुस्तकातून. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतलं सगळ्यात फाटकं पुस्तक म्हणजे नॉयफर्ट. अर्न्स्ट नॉयफर्ट या जर्मन आर्किटेक्टनं १९३६ मध्ये काढलेलं, आणि अजूनही नव्या आवृत्त्या निघणारं मापांचं बाड. खुर्चीत बसलेल्या माणसाला किती जागा लागते, दोन माणसं सुटकेस घेऊन समोरासमोर आली तर पॅसेज किती रुंद हवा, सगळं त्यात. परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही त्यातली मापं पाढ्यांसारखी घोकायचो. त्या चित्रांतल्या माणसाला चेहरा नसतो, त्यामुळे तो कोण आहे हे विचारायचं सुचत नाही.

दुसरं एक उदाहरण तर फारच मजेशीर आहे. ल कॉर्बुझिएनं 'मॉड्युलर' नावाची मापपद्धत बसवली, माणसाच्या शरीरावरून. आधी त्यातला माणूस १.७५ मीटर उंच होता. आकडे नीट जुळेनात. तेव्हा त्याच्या एका सहकाऱ्यानं सुचवलं की इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांमधले देखणे पुरुष, म्हणजे पोलीस वगैरे, नेहमी सहा फूट उंच असतात. झालं, माणूस १.८३ मीटरचा झाला! चंदीगडच्या कामातही त्यानं हीच पद्धत वापरली. तिसऱ्या वर्षाच्या स्टडी टूरला आम्ही चंदीगडला गेलो, काँक्रीटवर हात फिरवत भारावून हिंडलो. त्या मापांमागे एक कादंबरीतला इंग्रज पोलीस उभा आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. इमारती आजही मला थोरच वाटतात. ते आपल्या जागी.

हा पोलीस फक्त जुन्या पुस्तकांत नसतो. आज माझ्या ऑफिसमधली पंचविशीची मुलं रेंडर करतात. हिंजवडीतल्या टॉवरखाली ओव्हरकोट घातलेली एक गोरी बाई कुत्रं घेऊन चाललेली असते. मे महिन्यात. मी विचारतो, ही कोण? उत्तर येतं, "सर, लायब्ररीतली आहे."

माझ्या कामाची सुरुवात मात्र कुठल्या लायब्ररीत झाली नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावं भूकंपात पडली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मी चौथ्या वर्षाला होतो. ऑक्टोबरात आमच्या कॉलेजातली पंधरावीस मुलं सर्वेक्षणाला गेली, त्यात मी. हातात टेप आणि छापील फॉर्म.

घरं का पडली हे तिथं उभं राहिल्यावर मलाही दिसत होतं. दोन-अडीच फूट जाडीच्या, कुठं त्याहून जास्त, दगडी भिंती. दोन बाजूंना दगड, मधे मातीचा गारा आणि कपच्या. भिंतीच्या दोन्ही अंगांना एकत्र धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक नाहीतच. वर माळवद, गळू नये म्हणून दर काही वर्षांनी मातीचा नवा थर चढवलेलं. हादरा बसला तशी भिंत उभी फाटली, दोन्ही अंगं सुटली आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून केलेली घरं होती ती.

पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. कुटुंबाच्या जमिनीप्रमाणे घर: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. मी पास झाल्यावर काही महिने अशाच एका नव्या गावाची ड्रॉइंगं करणाऱ्या ऑफिसात उमेदवारी केली. २५० फुटांचं घर माझ्या वाट्याला आलं. चार रेषा, एक दार, दोन खिडक्या, आत ओटा. मग तो चौकोन उचलून ओळीत तीस वेळा ठेवायचा. सुटसुटीत ड्रॉइंग होतं. मी खूश होतो.

पण त्याआधी, सर्वेक्षणाच्या वेळी, पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या एका म्हातारीनं मला एक प्रश्न विचारला होता. नव्या घराचा नमुना मी कागदावर काढून दाखवत होतो. तिनं तो उलटासुलटा करून बघितला.

"अन् लेकरा, ढाळज कुठंय?"

ढाळज म्हणजे मराठवाड्यातल्या वाड्याच्या दारातली बसायची जागा. आत शिरण्याआधीची. तिथं पाव्हणा बसतो, म्हातारा माणूस दिवसभर पडून असतो, व्यवहार होतात. परका माणूस ढाळजेपर्यंत येतो, आत येत नाही. घरातल्या बायकांचं आतलं जग त्या ढाळजेमुळे शाबूत राहतं. आमच्या फॉर्मवर माणसं किती, गुरं किती, जमीन किती असे रकाने होते. ढाळजेला रकाना नव्हता. मी समासात पेन्सिलनं 'बसायची जागा?' असं लिहिलं आणि पुढच्या शेडकडे गेलो. नंतर ड्रॉइंग करायला बसलो तेव्हा तो कागद माझ्या डोळ्यांसमोर नव्हता. खरं सांगायचं तर आठवणीतही नव्हता.

२००६ मध्ये दुसऱ्या एका कामासाठी लातूरला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून ते गाव बघून आलो. माझे तीसही चौकोन उभे होते. जवळजवळ प्रत्येकाच्या पुढं पत्रे, बांबू, जुन्या लाकडी तुळया, पोत्याचे पडदे. कुठं म्हैस, कुठं कडबा, कुठं चूल. आणि एका दारात, पत्र्याखाली, दगडाचा कट्टा करून त्यावर एक आजोबा आडवे झालेले. पडक्या घराचे दगड गाड्यांतून आणले होते त्यांनी. मला म्हणाले, "या, बसा." मी ढाळजेत बसलो. चहा आला. आतलं घर मला दिसलं नाही, आणि दिसू नये अशीच ती व्यवस्था होती.

मी कोण हे मी त्यांना सांगितलं नाही.

मधली वर्षं पुण्यात गेली. त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एफएसआय, टीडीआर, पार्किंगचा तक्ता, मंजुरीची ड्रॉइंगं, पुन्हा मंजुरीची ड्रॉइंगं. टूबीएचकेमध्ये मास्टर बेडरूमच्या दारामागं कपाट बसवायची एक युक्ती मला जमली होती, तिच्यावर आमचं ऑफिस पाचसहा वर्षं चाललं. त्यातून कर्ज फिटलं, मुलीचं शिक्षण झालं. त्या कामाला नाकं मुरडणारे लोक मला आवडत नाहीत. पण त्या सगळ्या फ्लॅटांमध्ये कोण राहणार आहे हे मला एकदाही माहीत नव्हतं, हेही खरं.

नाटकात शिरलो तो अपघातानं. एका मैत्रिणीच्या ओळखीतून एका प्रायोगिक नाटकाचं नेपथ्य करायला मिळालं. पैसे जवळजवळ नव्हतेच. मला वाटलं, काय अवघड आहे, दोन खोल्यांचं तर घर, तेही तीन भिंतींचं.

मी मॉडेल घेऊन तालमीला गेलो. दिग्दर्शिकेनं ते बघितलं, छान आहे म्हणाली, आणि खिडकीत ठेवून दिलं. मग हॉलच्या फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीनं माझ्या भिंती आखल्या आणि मला कोपऱ्यात बसवलं. "आठवडाभर नुसता बघ."

मी बघत बसलो. नाटकात एक म्हातारी होती. कलावंत बाई स्वतःच साठीच्या पुढच्या. दुसऱ्या अंकात त्या हातात कंदील घेऊन, एका हातानं नऊवारी सावरत, तीन पायऱ्या चढून माळ्याकडे जातात. माझ्या पायऱ्या सात-सात इंचांच्या, म्हणजे पुस्तकाप्रमाणे अगदी योग्य. तालमीपुरत्या पायऱ्या ठोकून आणल्या. बाई प्रत्येक पायरीपाशी क्षणभर थांबायच्या, आणि तेवढ्यात वाक्य तुटायचं. मला वाटलं, अभिनय असेल. दिग्दर्शिका म्हणाली, "अभिनय नाही, गुडघा आहे. त्यांना विचार."

आयुष्यात पहिल्यांदा मी एका माणसाला विचारलं की तुम्हाला पायरी केवढी हवी. तेव्हा मी चाळीस वर्षांचा होतो! त्या म्हणाल्या, "विचारता काय, बघा ना." आम्ही फळ्यांचे तुकडे एकावर एक ठेवत गेलो. पाच इंचांना त्यांचा पाय आपोआप उचलला गेला. तीनाच्या चार पायऱ्या झाल्या, त्यामुळे पलंग सरकला, पलंगामुळे दार सरकलं, दारामुळे माझं आवडतं कपाट गेलं. प्रयोगानंतर नेपथ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. बाईंच्या त्या माळ्यावर जाण्याबद्दल मात्र सगळे बोलले.

त्यानंतर सहा नाटकं केली. टेंपोतून जाणारा सेट, दोन तासांत उभा करायचा, प्रयोग संपला की चाळीस मिनिटांत मोडायचा. लोक म्हणायचे, आर्किटेक्ट असून तू हे तात्पुरतं काम का करतोस? मला त्याचं नेमकं उत्तर देता यायचं नाही. कदाचित एवढंच की चूक झाली तर ती तिसऱ्याच तालमीला दिसायची. काँक्रीटमध्ये तसं नसतं. तिथं लोक पाट आणतात आणि गप्प बसतात.

त्याच सुमारास जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह बांधायचं काम आलं. एवढंसं काम. नाटकाचा ताजा धडा होता, म्हणून आधी मुलींनाच विचारायचं ठरवलं. मी विचारून त्या बोलणार नव्हत्या, म्हणून तिथल्या बाईंनी चिठ्ठ्या लिहून घेतल्या, नाव न घालता. दाराखालची फट नको. कडी आतून हवी आणि ती लागली पाहिजे. ओढणी अडकवायला खिळा. कचऱ्याचा डबा आतच हवा, बाहेर नको. आणि एका चिठ्ठीवर: 'आत मैत्रिणीला उभं राहता येईल एवढी जागा पाहिजे.'

मी बाईंना विचारलं, हे कशाला? त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. म्हणाल्या, "सर, एकटीनं कुणी जात नाही." मुली दोघीदोघींनी जातात, एक आत, एक दारात पहारा द्यायला. ती दारातली मुलगी पावसात भिजते आणि मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेत उभी असते. कुठल्याच पुस्तकात या दुसऱ्या मुलीचं माप नाही. आम्ही दारांच्या पुढं साडेतीन फुटांची बोळ काढली, आडव्या भिंतीनं झाकलेली, वर पत्रा, बसायला एक कट्टा. माझ्या सगळ्या कामांमधलं सगळ्यात नीट झालेलं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी ही बोळ सांगेन. तिचा धड फोटोही नाही माझ्याकडे.

आणि एवढं सगळं शिकून मी घरी यायचो, तर माझी आई पाटावर उभी! नाटक, शाळा, सगळं २०१४ च्या आधीचं आहे. हे मला अजून पचत नाही. बाहेरच्या बाईचा गुडघा दिसला, शाळेतली मुलगी दिसली. घरात मी बहुतेक आर्किटेक्ट नसायचो, मुलगा असायचो. आणि मुलाला जेवण आयतं समोर येतं.

मनगट बरं झाल्यावर मी म्हटलं, ओटा कापून खाली घेऊ. आई नाही म्हणाली. धूळ, खर्च, महिनाभर स्वयंपाकघर बंद, आता सवय झालीय. मी दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा केला नाही. पाटाला खालून रबराच्या चकत्या लावून दिल्या. एक सुतार चार मिनिटांत करील असलं काम. ती त्या पाटावर पुढं सात वर्षं उभी राहिली.

सुतारावरून आठवलं. २०१६ मध्ये राजापूरजवळ एका निवृत्त जोडप्याचं घर केलं. जांभ्याच्या भिंती, कौलं, पुढं पडवी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा तो भाग. तिथल्या सुतारानं माझ्या ड्रॉइंगकडे बघून पहिला प्रश्न विचारला तो, पागोळ्या कुठं पडणार? दुसरा प्रश्न विचारलाच नाही. पडवीतल्या बाकाची उंची मी १८ इंच लिहिली होती. त्यानं घरमालक काकांना एका ओंडक्यावर बसवलं, तो सरकवून दुसऱ्यावर बसवलं, मग माडाच्या झावळीचा एक हीर घेऊन जमिनीपासून त्यांच्या गुडघ्याच्या खोबणीपर्यंत धरला आणि मोडला. काकूंसाठी दुसरा हीर. बाकाचं एक टोक काकांचं, दुसरं दीड इंचानं खाली, काकूंचं. दोन्ही हीर त्यानं काम संपेपर्यंत कानामागच्या पेन्सिलीसारखे जपले.

मी तसाच एक दोरा घेऊन पुण्याला आलो. आईला म्हटलं, सरळ उभी राहा, कोपर वाक. ती हसायला लागली. "आता? ओटा होऊन तेरा वर्षं झाली." तरी उभी राहिली. जमिनीपासून कोपरापर्यंत ३५ इंच. हात न अवघडता काम करायचं तर ओटा कोपराच्या चारपाच इंच खाली हवा; गॅसच्या शेगडीची उंची धरली तर आणखी खाली. माझ्या ओट्यावर शेगडी, शेगडीवर कढई. म्हणजे ती भजी तळायची तेव्हा उकळतं तेल जवळजवळ तिच्या छातीच्या उंचीवर असायचं.

दोऱ्याला गाठ मारून मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. लगेच उपयोग नव्हता.

हल्ली मी कुठलीही गाजलेली इमारत बघायला गेलो की आधी लोकांनी तिचं काय केलंय ते बघतो. बाळकृष्ण दोशींची इंदूरची 'अरण्य' वसाहत तर याच विचारावर उभी आहे: लोकांना जोतं आणि नळ-संडासाची सोय असलेला गाभा द्यायचा, घर त्यांनी आपापल्या ऐपतीनं वाढवायचं. चार्ल्स कोरिआंची बेलापूरची वसाहतही तशीच, वाढायला जागा ठेवलेली. तिथं फिरताना मूळ घरं शोधावी लागतात. कितीतरी पाडून लोकांनी मजले चढवले आहेत. आमच्यातले काही जण त्यावर हळहळतात. मला तिथल्या जिन्यांखालचे कोपरे, गच्च्यांवरचे पत्रे बघायला आवडतात. प्रत्येक पत्र्याखाली कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं.

२०२१ मध्ये आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. आर्किटेक्ट दुसरे होते, आणि तेच बरं झालं. फ्लॅट रिकामा करताना मी ओट्याचा फोटो काढला. ग्रॅनाइटची कड एके ठिकाणी पांढुरकी झाली होती, तिचं पोट टेकायचं तिथं. बाबा तोवर गेले होते. आई म्हणाली, "भंगारवाल्याला देऊ नकोस, कुणाला तरी लाव." कुणी घेतला नाही. नंतर तो पडला.

गेल्या वर्षी ताबा मिळाला. नव्या स्वयंपाकघराचं ड्रॉइंग मी कॉम्प्युटरवर केलं नाही. भिंतीवर पेन्सिलनं खुणा केल्या आणि ड्रॉवरमधला दोरा काढला. तो उपयोगाचा नव्हता. आठ वर्षांत आई आणखी इंचभर खाली आली होती. पुन्हा मोजलं. शेगडीचा ओटा २७ इंच, शेजारी सिंकचा ३४. माझी बायको पाच फूट पाच इंच आहे, पुस्तकातलं माप तिला बरोबर बसतं. दोन पातळ्यांमधला जोड बघून टाइल्सवाला म्हणाला, "साहेब, लेव्हल चुकली का?"

पहिल्या दिवशी आईनं दूध तापवलं. हात कढीच्या पातेल्यापर्यंत सरळ जात होते. ती काही म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यापाशी पाट.

"आई! आता कशाला?"

"वरच्या फळीवर मुरांब्याची बरणी आहे," ती म्हणाली. "फळी कुणाच्या मापानं लावलीस?"